चकलीसाठी दांड्याचा सोऱ्या: साधं स्वयंपाकघरी यंत्र मोजमापातून कसं घडवायचं

चकलीचा सोऱ्या दाबताना मनगट का भरून येतं, याचं उत्तर बहुतेक घरांत ‘पीठ घट्ट झालं’ असं मिळतं. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं कारण सोऱ्याच्या मापांत असतं आणि मापं आपल्याला बदलता येतात. एका हाताने दाबता येईल, दुसरा हात चकली फिरवायला मोकळा राहील आणि गावातला वेल्डर व लेथवाला मिळून बनवू शकतील, अशा दांड्याच्या सोऱ्याची आखणी इथे पायरीपायरीने दिली आहे. कुणाला खोवणी, पापडाचं यंत्र किंवा पुरणयंत्र सुधारायचं असेल, तर मापं बदलतील, पण कामाचा क्रम हाच ठेवावा.

आधी बघा, मग विचारा

वही घेऊन चकल्या चालू असलेल्या दोन-तीन घरांत नुसतं बसा. ‘तुम्हाला काय अडचण येते?’ असा प्रश्न लगेच टाकू नका. वर्षानुवर्षं सवय झालेली अडचण माणसाला सांगता येत नाही, हातांना मात्र ती माहीत असते. किती वेळा थांबावं लागलं, सोऱ्या कुठे टेकवला, एकदा भरल्यावर किती चकल्या झाल्या, शेवटी धुताना काय खरवडावं लागलं, हे टिपून ठेवा.

असं निरीक्षण केलं की बाजारातल्या दोन प्रकारांची उणीव नेमकी दिसते. दोन्ही हातांनी दाबायच्या सोऱ्यात जोर फार लागतो. फिरकीच्या पितळी सोऱ्यात जोर कमी लागतो, पण एक हात फिरकीवर आणि दुसरा नळीवर अडकतो. चकलीची वेटोळी घालायला संपूर्ण सोऱ्याच हवेत गोल फिरवावा लागतो आणि खांदा दुखतो. म्हणजे फिरकीने जोराचा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. उरलेला प्रश्न मोकळ्या हाताचा आहे. हे ध्यानात न घेता ‘कमी जोराचा सोऱ्या’ बनवायला निघालात, तर बाजारात आहे तेच पुन्हा बनवाल.

आता एका वाक्यात उद्दिष्ट लिहा आणि ते भिंतीवर लावा: ‘उजव्या हाताने ६ किलोपेक्षा कमी जोर, डावा हात चकलीखालची चकती फिरवायला मोकळा, एका भरण्यात ६ चकल्या, धुण्यासाठी पाना-स्क्रूड्रायव्हर लागता कामा नये.’ त्याखाली यंत्र काय करणार नाही तेही लिहा. हे यंत्र शेव पाडणार नाही, कारण शेव थेट कढईवर पाडतात आणि स्टँडवरचं लोखंडी धूड उकळत्या तेलावर नेणं धोक्याचं आहे. कुरडया गच्चीवर कापडावर ओळीने घालतात, तिथे सोऱ्याच हलता हवा, म्हणून कुरडयाही नाहीत. ‘सगळंच करणारं एक यंत्र’ हा मोह स्वयंपाकघरातल्या उपकरणांच्या मुळावर येतो.

जोर मोजा

माणसाचं वजन करायचा काटा ओट्यावर ठेवा. काटा फिरणारा असावा. डिजिटल काटा आकडा स्थिर झाल्यावर तोच धरून ठेवतो, चढउतार दाखवत नाही. त्यावर दोन विटा ठेवून मधल्या फटीतून चकली पडेल असा सोऱ्या उभा करा, विटांचं आणि सोऱ्याचं वजन टिपून घ्या आणि नेहमीच्या पिठाने दाबा. काट्याने दाखवलेल्या आकड्यातून ते वजन वजा केलं की राहतो तो जोर. पीठ सरकायला सुरुवात होतानाचा आणि ते सरकत असतानाचा, असे दोन आकडे लिहा. पहिला नेहमी मोठा असतो आणि आखणी त्याच्यावरच करायची.

समजा, आतून ५ सेंमी व्यासाच्या सोऱ्याला २५ किलो जोर लागला. त्या नळीचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी, म्हणजे पिठावर दर चौरस सेंमीला सुमारे १.३ किलो दाब पडला. चकली पाडायला गरज असते ती या दाबाची, २५ किलोंची नव्हे. हाच दाब ४ सेंमी व्यासाच्या नळीत १६ किलोंतच मिळतो, कारण क्षेत्रफळ १२.६ चौरस सेंमीवर येतं. व्यास पाचव्या हिश्शाने घटला आणि जोर तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटला. मात्र पीठही त्याच प्रमाणात कमी मावतं. सगळी आखणी या ओढाताणीवर उभी आहे: रुंद नळीत भरणी कमी वेळा आणि जोर जास्त, अरुंद नळीत जोर कमी पण भरणी सारखीसारखी.

आम्ही मधला मार्ग धरतो. बाहेरून २ इंच (५०.८ मिमी) व्यासाची आणि १.५ मिमी जाडीची स्टेनलेस स्टीलची नळी सहज मिळते. ती आतून ४७.८ मिमी भरते, क्षेत्रफळ १८ चौरस सेंमी. दट्ट्या ८ सेंमी खाली गेला तर १४४ घन सेंमी पीठ बाहेर येईल. चकलीच्या चांदणीच्या भोकाचं क्षेत्रफळ ०.६ चौरस सेंमी धरलं तर तार २४० सेंमी निघेल. तीन वेटोळ्यांच्या चकलीला सुमारे ४० सेंमी तार लागते. सहा चकल्या झाल्या, उद्दिष्टाशी मेळ बसला. जोर २३ ते २४ किलो निघतो, हिशेबाला २५ धरा.

दांड्याचा हिशेब

अडकित्ता आठवा. एका टोकाला बिजागरी, तिच्याजवळ सुपारी, दुसऱ्या टोकाला हात. आपला दांडा त्याच जातीचा. टेकू मागच्या खांबावर, दट्ट्याची खिट्टी टेकूपासून ८ सेंमीवर, मूठ ४० सेंमीवर. गुणोत्तर ५, म्हणजे २५ किलोंच्या जागी हाताला ५ किलो. घर्षण धरून साडेपाच-सहा.

गुणोत्तर १० का नको? दांडा पिठाचं काम कमी करत नाही, तेच काम लांब अंतरावर पसरवतो. दट्ट्या ८ सेंमी सरकवायला आत्ताच मूठ ४० सेंमी खाली आणावी लागते. गुणोत्तर १० केलं तर ८० सेंमी, म्हणजे डोक्यावरून गुडघ्यापर्यंत. हात थकायचा तो मग जोराने नाही, पल्ल्याने.

दांडा आडव्या रेषेच्या ३० अंश वरून सुरू होऊन ३० अंश खाली थांबतो. टेकूपासून ८ सेंमीवरची खिट्टी या प्रवासात ४ सेंमी वरून ४ सेंमी खाली येते, म्हणजे बरोबर ८ सेंमी. पण ती सरळ रेषेत येत नाही, कमानीत येते. आडव्या स्थितीत ती टेकूपासून ८ सेंमी पुढे असते, दोन्ही टोकांना ६.९ सेंमी. या एका सेंमीने अनेक घरगुती नमुने बाद केले आहेत. दट्ट्याची दांडी सरळ दांड्यालाच बोल्टने जखडली, तर दट्ट्या नळीत तिरका होऊन रुततो.

उपाय दोन भागांत आहे. पहिला: नळीचा मध्य टेकूपासून ७.५ सेंमीवर ठेवा. मग खिट्टी मध्यापासून फार तर अर्धा सेंमी पुढे-मागे जाते. दुसरा: दांडा आणि दट्ट्या यांच्यामध्ये दोन्ही टोकांना फिरता दुवा घाला. २० सेंमी लांब दुव्याला अर्धा सेंमी म्हणजे दीड अंशाचा कल. तो चालतो.

इथे एक चूक हमखास होते. दट्ट्याला वर १० सेंमीची ताठ दांडी आणि तिच्या टोकाला १० सेंमीचा दुवा, अशी रचना कागदावर सुबक दिसते आणि लेथवाल्याला सोपी पडते. पण दुव्याचा बाजूचा रेटा मग दट्ट्याच्या १० सेंमी वर बसतो, दट्ट्या उलथला जातो आणि त्याची कड नळीला घासते. दुवा संपूर्ण २० सेंमीचा ठेवा आणि त्याची खालची खिट्टी दट्ट्याच्या पोटातच बसवा. रेटा जिथे नळीचा आधार आहे तिथेच पडतो आणि रुतणं थांबतं.

पुठ्ठ्यावर आधी

स्टीलला हात लावण्याआधी पूर्ण मापाचं बाजूचं चित्र जाड पुठ्ठ्यावर काढा. दांडा, दुवा, दट्ट्या वेगळे कापा आणि सांध्यांना टाचण्या लावा. उंचीचा हिशेब असा येतो (सगळं तळफळीच्या पृष्ठापासून):

– नळीचं तोंड ५ सेंमीवर. खाली चकती ठेवून चकलीची तार पडायला साधारण ३ सेंमी उरतात.
– नळीची लांबी ११ सेंमी, म्हणजे वरची कड १६ सेंमीवर. नळी ज्यात टांगायची ती आडवी पट्टी इथेच येते.
– दट्ट्या सर्वांत खाली असताना त्याची खिट्टी ७.५ सेंमीवर. जाळी आणि दट्ट्या यांच्यात १ सेंमी पीठ शिल्लक राहतं. ते पिळून काढायचा हट्ट धरू नका, दट्ट्या जाळीवर आपटून चांदणीचे कोपरे बोथट होतात.
– तिथून २० सेंमी दुवा आणि ४ सेंमी कमान, म्हणून टेकू ३१.५ सेंमीवर.
– मूठ वर ५१.५ सेंमी, खाली ११.५ सेंमी.

शेवटचे दोन आकडे जिवंत माणसाशी ताडून पाहा. ८० सेंमीच्या ओट्यावर हे यंत्र ठेवलं तर मूठ १३० सेंमीच्या वर जाते. पाच फूट उंचीच्या बाईला ती खांद्याच्या वर पडते आणि तिथून खाली दाबताना ताकद मिळत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलं, तर तीच मूठ जवळपास खांद्याच्या उंचीवर येते आणि शरीराचा भार वापरता येतो. मांडी घालता येत नसेल त्यांच्यासाठी ५० ते ६० सेंमी उंच टेबल. ज्या व्यक्तीसाठी यंत्र आहे तिलाच पुठ्ठ्यासमोर बसवा आणि हात वर-खाली करायला लावा.

पुठ्ठ्यावरच आणखी एक गोष्ट कळते, जी कोऱ्या कागदावर कधीच सुचत नाही. खांब ४ सेंमी जाडीचा असेल तर नळीच्या मध्यापासून खांबाचा पृष्ठभाग फक्त ५.५ सेंमी दूर असतो. नेहमीची थाळी खाली फिरणारच नाही, खांबाला अडेल. म्हणून चकली १० सेंमी व्यासाच्या सपाट चकतीवर घालायची. वाटीवरची सपाट स्टीलची झाकणं उत्तम. सहा-आठ ठेवा, प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवलेला प्लास्टिकचा तुकडा. मधून सुरुवात करून वेटोळं मोठं होताना चकती हळूहळू आपल्याकडे ओढत फिरवायची. सवय व्हायला एक घाणा पुरतो.

उलटणार कुठे?

दांडा दाबला की खांब खाली दबतो असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढंच होत नाही. पीठ दट्ट्याला २५ किलोंनी वर रेटतं, हात ५ किलोंनी खाली दाबतो, उरलेले २० किलो टेकूला धरावे लागतात, म्हणजे आडव्या पट्टीच्या वरचा खांब वर ओढला जातो. नळी त्याच खांबावरच्या आडव्या पट्टीला २५ किलोंनी खाली दाबते, म्हणून बुडाशी खाली दाबणारे ५ किलोच उरतात, पण हात पुढे असल्यामुळे खांब पुढे कलतो आणि बुडाची मागची बाजू वर उपटली जाते. खांब तळफळीला नुसत्या लाकडी स्क्रूने ठोकला तर पहिल्या दिवाळीतच हलू लागतो. खांबाच्या बुडाला १५ × १५ सेंमीची ६ मिमी जाड पट्टी वेल्ड करून ती चार ८ मिमी बोल्टनी, फळीच्या खालून वॉशर घालून, आरपार कसा. बोल्टची डोकी फळीत खोल बसवा, नाहीतर यंत्र डुगडुगेल.

दुसरी गोष्ट उलटण्याची. हाताचा जोर खांबाच्या ४० सेंमी पुढे पडतो. तळफळी तिथपर्यंत पोहोचत नसेल तर यंत्र पुढे कोलमडतं. खांबापुढे २५ सेंमीच असलेल्या आटोपशीर तळफळीवर ५ किलो दाबताच ७५ किलो-सेंमीचं उलटवणारं परिबळ (५ किलो गुणिले कडेबाहेरचे १५ सेंमी) तयार होतं. चार किलोंच्या यंत्राचं स्वतःचं वजन जेमतेम तेवढंच पेलतं आणि जरा घट्ट पीठ आलं की तोल गेला. खांबापुढे फळी किमान ४५ सेंमी हवी, एकूण ५५ × २२ सेंमी, जाडी २.५ सेंमी. जागा कमी असेल तर विळीचं तत्त्व वापरा: फळीचं एक टोक बसणाऱ्याच्या मांडीखाली येईल असं ठेवा. आपल्याकडच्या विळीने आणि खोवणीने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे, तो नव्याने शोधायची गरज नाही.

भाग आणि माप

दांडा: २५ × ५ मिमी स्टेनलेसच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ४५ सेंमी, खांबाच्या दोन्ही बाजूंनी. मधलं अंतर वॉशरसकट ४२ मिमी. दुवा ६ मिमी जाड असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना १८ मिमीचे बुश (अंतर राखणारी नळकांडी) लागतात. बुश विसरलात तर दुवा डावी-उजवीकडे सरकून दट्ट्या तिरका ओढेल. पट्ट्यांची जाडी अंदाजाने घेतलेली नाही. घरातलं कुणीतरी एकदा अंग टाकून ४० किलोंनी दाबणारच. तेव्हा खिट्टीपाशी वाकवणारं परिबळ ४० × ३२, म्हणजे १२८० किलो-सेंमी येतं आणि या दोन पट्ट्यांत दर चौरस सेंमीला सुमारे १२३० किलो ताण पडतो. ३०४ प्रतीचं स्टील साधारण २१०० पर्यंत कायमचं वाकत नाही. पट्ट्या ३ मिमीच्या घेतल्या तर ताण २००० च्या वर जातो, म्हणजे वाकण्याच्या उंबरठ्यावर.

खांब: ४० × ४० × २ मिमी चौकोनी नळी. १६ सेंमीवर ५ मिमी जाडीची आडवी पट्टी, तिला समोरून उघडी ५२ मिमी रुंद यू-आकाराची खाच. पट्टीखाली खाचेच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी आधार वेल्ड करा. मध्ये एकच आधार दिला तर नळी आत जाणार नाही.

नळी: वरच्या कडेला ८० मिमी बाहेरील व्यासाची, ३ मिमी जाडीची कॉलर. ती खाचेवर टेकते. खालच्या तोंडाला आतून ४२ मिमी भोक असलेली कडी, जाळी वरून टाकली की तिच्यावर बसते. आट्यांचं झाकण मुद्दाम टाळलं आहे, आट्यांत पीठ वाळतं आणि दुसऱ्या दिवशी ते उघडत नाही. मात्र जाळी आधी विकत घ्या आणि मग नळी ठरवा. बाजारातल्या जाळ्यांचे व्यास एकसारखे नसतात. नळी तयार झाल्यावर जाळी शोधत फिरणं हा सर्वांत महागडा उलटा क्रम.

नळी घेताना आत बोट फिरवा. स्वस्त नळ्या पत्रा वळवून, शिवण वेल्ड करून बनवतात आणि आतून ती शिवण उंच राहते. दट्ट्या तिच्यावर अडतो, खरवडतो. बिनशिवणीची नळी घ्या, नाहीतर लेथवर आतून साफ करून घ्या. स्टील ३०४ आहे की २०२, हे चुंबक सांगत नाही, दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. नळीवरचा शिक्का आणि बिलावरची प्रत पाहा. वेल्डिंग अरगॉनचं सांगा आणि आतल्या बाजूचा काळा डाग घासून उजळायला लावा, तो राहिला तर तिथूनच गंज धरतो.

दट्ट्या: लाकूड नको, ओलं झालं की फुगतं. नायलॉनही पाणी शोषतं. खाद्यपदार्थांना चालणाऱ्या एचडीपीई या प्लास्टिकचा रॉड घेऊन लेथवर ४७.४ मिमी व्यास आणि २५ मिमी उंचीचा कापून घ्या. प्रत्येक बाजूला ०.२ मिमी फट राहते. फट अर्ध्या मिमीच्या पुढे गेली की पीठ बाजूने वर चढतं. ०.१ च्या खाली गेली की गरम पिठाने प्लास्टिक प्रसरण पावून घट्ट होतं. लेथवाल्याला ‘बरोबर बसेल असं’ सांगू नका, आकडा लिहून द्या आणि व्हर्नियर (बारीक माप मोजायचं साधन) घेऊन जा. वरून ७ मिमी रुंद खाच घेऊन दुव्याचं टोक आत जातं आणि तळापासून १५ मिमी उंचीवर ८ मिमीची, ३६ मिमी लांब खिट्टी बसते. खिट्टीचं भोक एका बाजूने बंद ठेवा आणि दुसऱ्या बाजूला त्याच प्लास्टिकचा आट्यांचा बूच द्या, त्याला नाणं घालून फिरवता येईल अशी खाच. खिट्टी बाहेर सरकून नळीला घासली तर स्टीलचा कीस पिठात जाईल. या एका तपशिलात तडजोड करू नका.

टेकूला आणि वरच्या सांध्याला ८ मिमी बोल्ट, आटे फक्त टोकाला असलेले. अख्ख्या आट्यांचा बोल्ट भोक कापत राहतो. नट आतून नायलॉनची कडी असलेला घ्या, साधा नट हालचालीने सैल होतो.

मूठ ३ सेंमी जाडीची, गोल, लाकडाची. आणि दांड्याला वर अडकवून ठेवायला खांबावर एक अडण. दांडा एकटाच किलोभर भरतो, टेकूजवळ बोट असताना खाली आला तर इजा होईल. दांडा ७० अंशांपर्यंत उचलला की दट्ट्या नळीच्या दीड सेंमी वर निघतो आणि नळी समोर ओढून काढता येते. अडण त्याच जागी द्या.

चाचणी

पीठ प्रत्येक वेळी वेगळं असेल तर यंत्राबद्दल काहीच कळत नाही. एकाच डब्यातली भाजणी घ्या, मोहन आणि पाणी वजनाने मोजा, तिन्ही आकडे लिहा. मग तीन गोळे करा: नेहमीचा, २०० ग्रॅम भाजणीमागे १० मिली पाणी कमी, १० मिली जास्त. प्रत्येकी तीन भरणी. पिठाचा गोळा नळीहून किंचित बारीक लोळा करून आत सोडा आणि बोटांनी दाबून हवा काढा. तुकड्या-तुकड्यांनी भरलं तर हवेचे कप्पे राहतात, मध्येच ‘फट्’ असा आवाज येतो आणि तार तुटते. ती चूक यंत्राची नसते, पण दोष त्यालाच मिळतो.

प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा मुठीला अडकवून खाली ओढा. ५ ते ६ किलो आला तर आखणी बरोबर. ७ च्या वर गेला तर आधी पीठ न भरता रिकामा दांडा हलवून पाहा. रिकाम्यातही अडखळत असेल तर तीन जागा तपासा: नळीतली शिवण, वेल्डिंगने तिरकी झालेली आडवी पट्टी, आणि दोन पट्ट्यांमधली भोकं एकमेकांसमोर नसणं. शेवटच्या दोषावर इलाज म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र पकडून एकदमच भोक पाडणं. रिकामा सहज हलतो पण भरल्यावर जड जातो, तर जाळीकडे पाहा. भोकाची आतली कड धारदार असेल तर पीठ तिथे अडतं, बारीक कानसीने ती किंचित गोलसर करा. बाहेरची कड मात्र धारदारच राहू द्या, काटे तिच्यामुळेच उठतात.

तार सरळ न पडता एका बाजूला वळत असेल तर जाळी कडीवर तिरकी बसली आहे. पीठ दट्ट्याच्या वर चढत असेल तर फट मोजा. शेवटची चकली विरळ पडत असेल तर भरणी कमी आहे.

यंत्र तुम्ही स्वतः चालवून समाधान मानू नका. तुम्हाला त्याच्या खोडी माहीत आहेत. कधी न पाहिलेल्या व्यक्तीच्या हाती द्या, काही न सांगता. ती नळी उलटी घालायचा प्रयत्न करते का, खिट्टी शोधते का, धुताना काय सुटं करायला विसरते, हे बघा. जिथे तुम्हाला बोलावंसं वाटेल, तिथे आखणी बदलायला हवी.

वेल्डरकडे आणि नोंदणीकडे

हे काम नुसत्या घरापुरतं असेल तर नोंदणीचा विचार सोडून द्या. विकायचं असेल तर क्रम महत्त्वाचा आहे: आधी अर्ज, मग प्रदर्शन, व्हिडिओ किंवा बचतगटाच्या स्टॉलवर मांडणी. एकदा जाहीर दाखवलेली कल्पना ‘नवी’ राहत नाही. सरकारच्या पेटंट शोध संकेतस्थळावर आधी शोधा. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(च), म्हणजे इंग्रजी मजकुरातल्या ३(एफ) प्रमाणे, आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करणाऱ्या माहीत वस्तूंची नुसती नवी मांडणी पेटंटला पात्र नसते. दांडा जुना, सोऱ्या जुना. त्यामुळे दांडा लावलेल्या सोऱ्याला पेटंट मिळेल अशी आशा धरू नका. दोघांच्या जोडणीतून काही नवा परिणाम साधला असेल, तरच पुढे जा.

तात्पुरता तपशील जोडून वैयक्तिक अर्ज ऑनलाइन केला तर शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. कितीतरी वेळा त्याहून उपयोगी पडते ती डिझाइन कायदा, २००० खालची नोंदणी. ती यंत्राच्या कामाला नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देते: खांबाचा डौल, मुठीचा घाट. व्यक्तीला अर्जाचं शुल्क १,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंतर ५ वर्षं वाढवता येते.

वेल्डरला चित्र देताना प्रत्येक मापापुढे किती फरक चालेल ते लिहा. तळफळीला ५ मिमी चालतील, दांड्याच्या भोकांमधल्या अंतराला अर्धा मिमी, दट्ट्याच्या व्यासाला ०.०५ मिमी. सगळीकडे काटेकोर मागितलं तर किंमत वाढते, सगळीकडे ढिलं सोडलं तर यंत्र अडतं. पहिला नमुना एकच बनवा. दुसरा त्याच्या चुका दुरुस्त करून. पाच-दहा नगांची ऑर्डर तिसऱ्यानंतर.

पन्नास भरणी झाल्यावर सगळं सोडून पाहा. वरच्या सांध्याचं भोक लांबट झालंय का, दट्ट्याचा व्यास किती उरला, वेल्डच्या कडेला केसासारखी चीर आहे का. दट्ट्या ४७.२ च्या खाली गेला असेल तर तो बदला. म्हणूनच रॉड कापताना दोन दट्ट्ये जास्तीचे करून घ्यावेत आणि ते जाळ्यांच्याच डब्यात ठेवावेत.